दाराला आडवा खराटा

आमच्या बेटावर घरचं माणूस बाहेर पडलं
की दाराला बाहेरून खराटा आडवा लावतात.
येणारा तो बघतो, आत कुणी नाही हे समजतो
आणि आल्या पावली मागे वळतो.
माझी सासू लीलो एक्क्याऐंशीव्या वर्षीही
एवढ्याच बंदोबस्तावर झोपते, उठते, चर्चला जाऊन येते.

मी कुरेसारेच्या इस्पितळात, नोंदणीच्या खिडकीत.
तेरा वर्षं झाली.
नोव्हेंबरातला मंगळवार, साडेतीनलाच दिवेलागण,
आणि एक ईमेल: बिल थकलंय, सोबतचा कागद पाहा.
नाव आमच्याच औषधवाल्याचं,
फक्त एका अक्षराच्या जागी दुसरं,
मुंगीएवढं.
मी उघडला तो कागद.
कॉफीचा कप डाव्या हातात होता,
हे चौकशीत तीनदा सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही.

रात्री सव्वादोनला सगळे पडदे काळे.
हेल्दुर स्ट्रेचरवर, ओठ जांभळे,
डॉक्टर कोवळा, ताल्लिनहून नुकताच आलेला,
म्हाताऱ्याला कुठलं औषध चालत नाही
ते यंत्राला ठाऊक, आणि यंत्राच्या तोंडात बोळा.
निवृत्त उर्वेला कुणीतरी गाडीत घालून आणलं,
झोपायच्या कपड्यांवर ओव्हरकोट, पायात मुलाचे बूट.
तिनं डोळे मिटले.
"पेनिसिलिन देऊ नका. सत्त्याऐंशी साली
अंगभर गांधी उठल्या होत्या याच्या."
हेल्दुर आता परत जाळी विणतोय.
बंदरावरून जी रुग्णवाहिका माघारी पाठवली
तिच्यातल्या माणसाचं काय झालं, मला कुणी सांगत नाही.
मीही विचारत नाही.

खंडणी कुणी भरली नाही. बाराव्या दिवशी
त्यांनी आमची कपाटं भर रस्त्यात उलटी केली.
कुणाचा गर्भ, कुणाची दारू,
पाद्र्याच्या झोपेच्या गोळ्या,
शाळेतल्या पोरीनं डॉक्टरला हळूच सांगितलेलं एक वाक्य.
बेट लहान. दुकानात पाव घेताना
लोक एकमेकांच्या बुटांकडे बघायला लागले.

मग माझ्या फोनवर:
दोन हजार नऊ, वॉर्ड चार, आठ रात्री. हाताला टाके.
पैसे दे, नाहीतर तुझ्या यादीतल्या प्रत्येकाला हे जाईल.
यादीत पहिलं नाव लीलोचं.
तिला तेव्हा सांगितलं होतं, मी फिनलंडला
मासळीच्या कारखान्यात कामाला गेलेय.

मी गाडी काढली. वाटेत जुनिपरची झुडपं,
दोनदा थांबले, एकदा उलटी झाली.
ती पाव कापत होती. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं,
बाही वर सारून दाखवलंही.
सुरी थांबली नाही.
"मासळीच्या कारखान्यातून आलेल्या बाईच्या
केसांचा वास महिनाभर जात नाही," ती म्हणाली.
"तुझ्या केसांना साबणाचा होता.
लोणी घे."

आता तार्तूचा एक मुलगा दर गुरुवारी शिकवायला येतो:
पासवर्ड लांब ठेवा, दोन कुलपं लावा,
अनोळखी पत्राला हात लावू नका.
मी पहिल्या बाकावर बसते, सगळं उतरवून घेते.
माझा जुना पासवर्ड मेलेल्या कुत्र्याचं नाव होतं.
बदलताना त्याला पुन्हा पुरल्यासारखं झालं.
एक प्रश्न मात्र वहीच्या मागच्या पानावरच राहिला:
खराटा बघून जो वळतच नाही
त्याच्यासाठी दाराला काय लावायचं?

त्या दिवशी निघताना लीलोनं हाक मारली होती.
आतूनच, चुलीपासून न उठता.
"जाताना खराटा लावून जा गं."
"पण तू तर घरातच आहेस."
"हो," ती म्हणाली. "म्हणूनच लाव."