मूठभर सुपर

इनीॲबाच्या पुढे रस्ता सरळ, आणि रेती पांढरी.
इतकी पांढरी की ऑगस्टमधल्या थंड उन्हातही
डोळे बारीक करून चालावं लागतं.
कोरलीन पुढे. ही तिच्या आजोळची जमीन.
मी मागे, खांद्याला बर्फाची पेटी,
पेटीत हाकियाची पानं, फॉइलमध्ये गुंडाळलेली,
प्रत्येक पुडीवर झाडाचा आकडा.

"गरीब माती," मी म्हणाले, अहवालात लिहितात तसं.
ती थांबली नाही.
"कुणाला विचारलंस?"

दुपारी तिनं बादलीतून एक मग भरून दिला.
बँक्सियाची फुलं सकाळपासून पाण्यात पडली होती.
गोड. जवळजवळ उद्धट म्हणावं इतकं गोड.
एवढ्या रेतीतून एवढी साखर.

रात्री पर्थला, खिडकी उघडी ठेवून
(क्लोरोफॉर्मचा वास केसांत राहतो)
मी पानाचा अर्क काचपट्टीवर चढू देते,
टिपकागदात शाई चढावी तसा.
एका पट्टीवर एक फवारा: फॉस्फरस असेल तिथे निळं उठतं.
दुसरीवर दुसरा: साखर असेल तिथे जांभळं.

कोवळ्या पानात निळा ठिपका ठसठशीत.
जून पानात
असून नसल्यासारखा.
आणि जांभळे मात्र अंगठ्याएवढे.

म्हणजे असं, की
पेशीभोवतीचा पडदा डोक्या-शेपट्यांचा असतो,
शेपट्या आत, डोकी बाहेर,
आणि पुष्कळशा डोक्यांत फॉस्फरसचा एकेक कण.
पान थोराड झालं की झाड ती डोकी अलगद उतरवतं,
कण काढून घेतं, शेंड्याकडे धाडतं, बियांकडे धाडतं,
आणि रिकाम्या मानेवर साखर बसवतं.
ऊन काय, इथे फुकट आहे.
हे सगळं चालू असताना
पडदा एकदाही फाटत नाही.
आतलं आत राहतं, बाहेरचं बाहेर.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
हिनं पाय आखडले नाहीत,
निजल्या निजल्या अंथरूणच उसवलं
आणि दुसऱ्या दोऱ्यानं विणून घेतलं.

शेजारच्या टेबलावर रुआरी, बशीतल्या इवल्या रोपांशी बोलत.
रोपं दुसऱ्याच जातीची, हाकियाला बशी मानवत नाही.
त्यांचा फॉस्फरस तोडला, वर साखर पाजली,
तर ही अदलाबदल आणखी जोरात होते म्हणतो.
साखर नुसती वीट नव्हे, सांगावाही आहे:
माल आहे घरात, लागा कामाला.

आन्ते मारूशिच आमच्या गल्लीत, स्पियरवुडला.
पन्नास वर्षं कोबी, फ्लॉवर, कांदे.
हात लावतील ते उगवतं.
झोर्कानं जाण्याआधी दाराशी बँक्सिया लावली होती,
हे तिला पाणी घालत, आणि ती वाढत होती आपली हळूहळू.
हिवाळ्यात त्यांना वाटलं, पोर खंगलीय.
मूठभर सुपर टाकलं बुंध्याशी,
आठवड्यानं आणखी एक.

पानं आधी पिवळी. मग कडांनी तांबडी,
तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी.
एक पान पावाच्या पिशवीत घालून ते माझ्या दारात उभे.
"तू शिकलेली. बघ. हिला काय कमी पडलं?"

पट्टी मी त्याच रात्री लावली.
निळं. खालपासून वरपर्यंत निळं.
लाखो वर्षं हिच्या घराण्याला कुणी काही वाढलंच नव्हतं,
तर 'पुरे' म्हणायला
शिकवणार कोण?

सकाळी ते कुंपणाशीच होते, टोपी हातात.
"काहीच कमी नव्हतं हो," मी म्हणाले.
त्यांनी मान हलवली, बराच वेळ.
माझा हात थोपटला.

मला वाटतं, त्यांनी ते सांत्वन म्हणून घेतलं.
सुपरची गोणी शेडमध्ये अजून अर्धी आहे.
तिचं काय करायचं,
हे मला त्यांना सांगायचंय.