विरजण

शनिवारी संध्याकाळी, म्हशीच्या दुधाच्या रांगेत,
संकलन केंद्राचं जुनं मशीन
फॅट सहा पूर्णांक चारवर थिजलं ते थिजलंच.
रविवारी पहिल्या एसटीच्या कंडक्टरने
निकेतचा पेनड्राइव्ह हातात दिला,
पुसदहून, रुमालात गाठ मारलेला.

"लिनक्स हाये मावशी. फुकट. भेऊ नोको."

फुकट म्हटलं की आमच्याकडे आधी भीतीच वाटते.

तरी कॅन गाडीत चढल्यावर
शटर अर्धं ओढून बसले.
भाषा कोणती, विचारलं त्याने. यादीत मराठी होती, खूप खाली.
नाव विचारलं. परवलीचा शब्द, दोनदा.
मग पट्टी सरकत राहिली मुंगीच्या चालीने
आणि मी तेवढ्यात सगळी मापं विसळून पालथी घातली.

उघडलं तर कोरं, सारवलेलं अंगण.
डावीकडे थोडी चित्रं, वर घड्याळ,
आणि जिथे वाय-फायचा पंखा असायचा
तिथे काहीच नाही.

निकेतला फोन. "ड्रायव्हर टाका लागते."
कुठून आणू?
"नेटवरून."
अन् नेट?
"ड्रायव्हर टाकला का येते."

बराच वेळ मी गप्प.
मग म्हटलं, दह्याले दही लागते म्हन.
"बरोब्बर," हसला, "कोनाकडून वाटीभर आन."

शेवंताकाकू गोठ्यात होती, हात शेणाचे.
कोपराने कमरेकडे खूण केली:
"काढून घे. पोराचा फोन आला त हाक मारजो."
पोरगा सुरतेला.

पहिली वायर लावली. फोन चार्ज व्हायला लागला, बस.
काही वायरी नुसत्या जेवू घालतात, बोलत नाहीत.
दुसरी उकंडा मेटकरच्या दुकानातून, उधार.
फोन खिडकीत, उपड्या कॅनवर,
कारण मोहाच्या झाडाआडून टॉवर दिसतो तो तिथूनच.

कोपऱ्यात दोन बाण उगवले,
एक वर, एक खाली.

काळी चौकट उघडली. ओळ लिहून घेतली होती
दुधाच्या पावतीच्या पाठीवर.
एक जागा सोडायची राहिली
तर खेकसल्यासारखं उत्तर आलं.
पुन्हा लिहिली. परवलीचा शब्द मागितला त्याने,
आणि मी लिहितेय तर पडद्यावर काहीच उमटेना,
ठिपकासुद्धा नाही.
अंधारात धार काढताना ठेवतो
तेवढाच भरवसा बोटांवर ठेवला.

"लागलं का?" काकू दारात.

थांब.
चौसष्ट बाइट आले. क्रमांक एक. वेळ दोनशे दहा.
चौसष्ट बाइट आले. क्रमांक दोन. वेळ एकशे ऐंशी.
तीन आलाच नाही.
चार आला.
आपलंच रजिस्टर की हे:
क्रमांक, माप, वेळ,
आणि जो आज फिरकला नाही त्याची मोकळी ओळ.

ड्रायव्हर उतरायला पाऊण तास लागला.
मशीन बंद, मशीन चालू.
वायर काढली, तर पंखा जागेवर!
खाली नावांची यादी. ग्रामपंचायत, कुलूप लावलेली.
उकंडा फाइव्हजी, ज्याच्या दुकानात टूजीचीही मारामार.
आणि कुणाचं तरी, हात लावू नका.
मी चरवी घासत असताना
ही सगळी नावं रोज भिंतीतून आरपार जात होती.

उकंडाने परवलीचा शब्द
रस्त्यापलीकडून ओरडून सांगितला.
अख्ख्या गावाने ऐकला.

"मंग, काय पाह्यशीन आता?"

एवढं दार उघडलं
आणि मला विचारायला एक प्रश्न सुचेना.
तीच म्हणाली, "सुरतेत पानी हाये का, पाह्य."
नव्हतं. एकतीस अंश, ढगाळ.
तिने मान हलवली,
जणू पोराच्या अंगाला हात लावून पाहिलं.

वाटी रिकामी परत करत नाहीत आमच्याकडे.
इकडेतिकडे पाहिलं. सकाळचं दूध कधीच गेलेलं.
मग फोनची काच पदराने पुसली
आणि बॅटरी शंभर झालेली
तिला दाखवली.