पुस्तकांचे वेगळे पैसे

पलंग, फ्रिज, शिवणयंत्र, सगळ्यांचा भाव ठरलेला.
पुस्तकांचे मी वेगळे घेतो.
कपाट निदान कुरकुरतं, कुठे धरायचं ते सांगतं.
पुस्तकांचं खोकं मुकाट्यानं कंबर मोडतं.

पुंता आरेनासमध्ये वारा पिसाळला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालायला.
अशा दिवशीही लोक घरं बदलतात.
भाडं काही वाऱ्यासाठी थांबत नाही.

सेन्योरा एदेल्मिराचं सामान मी तीनदा हलवलं.
रिओ सेकोहून टेकडीवर,
टेकडीवरून बहिणीच्या मागच्या खोलीत,
आणि आता इथे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
दर खेपेला ताटं कमी.
खोकी मात्र तेवढीच, सात.
चिकटपट्टीही तीच, पिवळी पडलेली,
एकदाही न कापलेली.

पहिल्या खेपेला मी म्हटलं होतं, वाचनाची आवड दिसते.
होती, ती म्हणाली,
आणि किटली शोधायला आत गेली.

या वेळी तिसऱ्या जिन्यावर
पाचव्या खोक्याचा तळ सुटला.
व्हिडिओ कॅसेटी! पायरी पायरीनं धडधडत
थेट तळमजल्यावरच्या कुत्र्यापर्यंत.
एक फुटली. तिची काळी फीत कठड्याला अडकून
फडफडत राहिली.
मी गोळा करता करता मागची वर्णनं वाचत होतो:
आंधळी मुलगी, बंदरावर थांबलेली बाई,
लग्नानंतर पोचलेलं पत्र.
रडके सिनेमे, एकजात.

मशीन आहे का लावायला?
सत्त्याण्णव सालीच बिघडलं.
मग?
तिनं एक कॅसेट एप्रनला पुसली.
ही लागली की आनिबाल माझ्या आधी रडायचा,
सिगारेटच्या धुराचं निमित्त करून.
आता पाहिली
आणि मला हसू आलं, तर?

फुटलेलीसुद्धा तिनं टाकू दिली नाही.
कठड्यावरची फीत सोडवून बोटांभोवती गुंडाळली,
लोकर गुंडाळतात तशी, सैल हातानं.

मी हसलो नाही. मला तोंड नाही हसायला.
माझ्या सीटखाली, जॅक आणि पान्यांच्या मध्ये
एक पुस्तक आहे,
कुणा खलाशाची आणि शाळेतल्या बाईंची प्रेमकथा,
कागद हलका, कडा डिझेलनं माखलेल्या.
रिगोचं, माझ्या धाकट्याचं.
पोर्वेनीरची बोट पकडताना माझ्याकडे फेकलं:
धर, आलोच.
त्याला आता सव्वीस वर्षं.
दोन गाड्या विकल्या मी. विकताना सीटखालून
आधी ते काढलं, मग कागदपत्रं.
एकशे बाराव्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे.
ते पान मी वाचलेलं नाही.
वाचलं तर कळेल, तिथे तसं काहीच नव्हतं,
बोटीचा भोंगा झाला
आणि त्यानं हाताला येईल तिथे दुमडलं.

सातवं खोकं वर आलं तेव्हा
खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालत होता.
तिथेच लाव, ती म्हणाली, भिंतीला, एकावर एक.
लावली. शीळ बसली.
थोडी बारीक चालूच राहिली, वरच्या कोपऱ्यात.

पैसे मी ठरल्याप्रमाणे घेतले.
फुटलेल्या कॅसेटीचे म्हणून दोन नाणी परत केली,
तर तिनं माझी मूठ उघडून ती आत कोंबली.
म्हणाली, तीसुद्धा वर आलीच की.