नऊशे ऐंशी ग्रॅम

यावलच्या सोनोग्राफीत दोन दिसले होते,
जळगावच्या मशीनमध्ये मागे दडलेलं तिसरं सापडलं.
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.
पिशवीच्या तोंडाला टाका घातला,
म्हणाल्या, आता खाट सोडायची नाही.
बारा आठवडे.
मी विचारलं, आणि पाणी कोण भरेल?
त्यांनी पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

भूषण केळीच्या ट्रकवर, दिल्लीच्या वाटेला.
सासू नाही. आई बऱ्हाणपूरला, तिचेच गुडघे गेलेले.
खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा,
डोकं उताराला,
आणि मी पत्र्याचे खिळे मोजत.
एकशे सोळा.

पहिली आली ती यमुनाबाई, आणि बोलली ते वाईटच:
"तीन? बाईच्या पोटी? इतले?"
मी भिंतीकडे तोंड केलं.
ती गेली नाही. भांडी घासायला बसली.
घासता घासता म्हणाली,
"मले दोन होते. सातव्यात गेले. सांगितलं नव्हतं कोणाले."
मग बराच वेळ नुसता राखेचा आवाज.

नंतर कशा जमल्या, कुणी ठरवलं, माहीत नाही.
आशाताई सपकाळेने खताच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे
वार पाडले, रेघा मारल्या.
सकाळी हमीदा तडवी, पाण्याचा हंडा आणि दोन अंडी,
तिच्याच चुलीवर उकडलेली,
कारण आमच्या घरात चालत नाहीत.
खाल्ली मी. टरफलं ती पदरात बांधून न्यायची.
दुपारी भंगाळ्यांची कल्पना, बीपीचं मशीन घेऊन,
पट्टा उलटा बांधायची,
आकडा पाहून घाबरायची
आणि मग स्वतःलाच लावून बघायची.
संध्याकाळी कुणीही.
रात्री यमुनाबाई, खाली गोधडीवर,
घोरायची इतकी की पोटातली तिघं जागी व्हायची.
त्यावरून कळायचं, आहेत.

बागेतून परतताना इंदूबाईच्या कमरेला
केळी बांधायच्या पट्टीची गुंडाळी असे.
घड भरला की एक झाड दुसऱ्याला बांधतात,
नाहीतर वाऱ्यात मोडतं.
हे ती मला सांगायचं म्हणून कधी बोलली नाही.
तिला फक्त पट्टी कापायला माझी कात्री हवी असायची.

एकतिसाव्या आठवड्यात, रात्री दोनला, अंथरूण ओलं.
एकशेआठ चोपड्याला गेलेली.
पॅकिंग हाऊसची पिकअप आली,
खाली केळीची पानं, वर सहा घरच्या गोधड्या.
"माल समजून चालव," हमीदाने नवऱ्याला दरडावलं,
"एक डाग पडला तर बघ."
मागून मोटारसायकलींवर रक्ताला चार पोरं,
त्यातल्या एकाचं नाव मला आजवर माहीत नाही.

चौदाशे. तेराशे वीस.
तिसरी, ती दडलेली, नऊशे ऐंशी.

गावात फोन गेला तेव्हा आकडा कुणाला कळेना.
म्हणजे किती? किती म्हणजे?
मग तोलकाट्यावर ज्वारी टाकली,
थोडी काढली, थोडी घातली,
आणि धडप्याची पुरचुंडी
ओट्यावरून हातोहात फिरली.
"माय वं," कुणीतरी म्हणालं, "इतलीशी?"
कुणी ती खाली ठेवेना.

पहिल्या आठवड्यात वजन घटतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं.
तरी गाठ सोडून दाणे काढताना
यमुनाबाईचा हात थरथरला म्हणे.
मग पंधरा ग्रॅम वाढले. मग वीस. मग एक दिवस काहीच नाही.
रोज संध्याकाळी फोन, रोज काटा.

सेहेचाळीस दिवसांनी आम्ही चौघं आलो.
तिघांना तीन घरांनी उचललं,
मला गाडीतून उतरवायला कुणी मोकळं नव्हतं.

पुरचुंडी खुंटीवर अजून आहे,
एक किलो सातशे.
दळायला द्यायला कुणी तयार नाही.
सोंडे लागलेत तिला आता.
हलवली की आतून बारीक आवाज येतो.