मागे घ्यायची नाही

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
आमचं पोटात:
दोन बर्थ, एक शेगडी, चिमटीत मावेल एवढा संडास,
आणि शेपटीला नांगीसारखी
मर्डोच्या वडिलांची पिवळी तिचाकी.

वजन साडेचारशे किलोसुद्धा नाही.
अंग फायबरचं, टिचकी मारली तर
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यासारखं वाजतं.
सासऱ्यांकडे लायसन्स फक्त मोटरसायकलचं,
आणि तेव्हाचा कायदा म्हणायचा,
तीन चाकं चालतील, पण गाडी मागे जाता कामा नये.
म्हणून खाणीच्या वर्कशॉपमधून आणलेला पितळेचा पत्रा
त्यांनी रिव्हर्सच्या खाचेवर स्क्रूने आवळला.
कायदा बदलला. पत्रा राहिला.
तीन तिघाडा, काम बिघाडा,
शेजारी हसायचे. ते उतरून
खांद्याने गाडी ढकलायचे, दारात वळवायचे,
आणि कुणाकडे न बघता आत जायचे.

आता ती आमच्या मागून येते, लोखंडी दांड्याला जखडलेली.
आरशात पाहावं तर
रिकाम्या सीटसमोर स्टिअरिंग आपलं आपण फिरतं,
वळणावर आमच्यापेक्षा जरा उशिरा,
विचार करून.
पहिले काही दिवस मी आरशात बघायचेच नाही.
मग इन्व्हरनेसच्या पुढे मर्डो म्हणाला,
"बापाला ब्रेक कधी मारायचा ते जन्मात कळलं नाही."
मला हसू फुटलं.
त्याने वडिलांबद्दल काही बोलावं,
याला किती वर्षं झाली होती.

दांडा विकणाऱ्याने एकच नियम सांगितलेला:
जोडलेली असताना मागे घ्यायची नाही.
चाक आडवं पडेल, दांडा पिळवटेल.
मी म्हटलं, माझं नाव सेंगा,
ॲग्नेस हे नाव उलटीकडून लिहिलेलं,
आजीचा मान आणि आईचा हट्ट एकाच पाटीवर.
मला उलटं जायची सवय आहे.
तो हसला नाही.

उल्लापूलच्या पुढे एकपदरी रस्ता,
डावीकडे तळं, उजवीकडे ओला खडक,
आणि समोरून मेंढ्यांचा दुमजली ट्रक.
बाजूला व्हायची जागा आमच्या मागे, शंभरेक पावलांवर.
ट्रकमधून एक पोरगी उतरली, मिरिन नावाची,
बूट गुडघ्यापर्यंत, तोंडात अर्धं सँडविच.
आमच्या शेपटीकडे बघत राहिली.
"अहो, ही तर दोन हातांनी जाईल."

पिना काढल्या. एक अडकली,
तिला हातोडी आणि तीन शिव्या लागल्या.
चिलटांनी कान, पापण्या, मनगटं फोडून काढली.
मर्डो पिवळीत बसला, गुडघे हनुवटीला,
मिरिन आणि मी बॉनेटला खांदा लावला,
आणि साठ वर्षांत किती वेळा कोण जाणे,
ती मागे गेली,
पत्र्याला न विचारता.

संप मागे घेतला गेला त्या मार्चमध्ये.
बाप-लेकाने मात्र
शब्द मागे घेतले नाहीत.
महिनाभर आधीच कामावर गेलेला मुलगा
आणि शेवटच्या दिवसापर्यंत फाटकाशी उभा बाप.
अकरा वर्षं एका गल्लीत राहून
नमस्कारसुद्धा नाही.
मग हॉस्पिटल, मग किल्ली,
पाकिटात, चिठ्ठीशिवाय.

ट्रक गेला. मेंढ्यांची तोंडं
फटीफटीतून आम्हाला न्याहाळत गेली.
मी दांडा उचलला, जोडायला.
मर्डो काही उतरेना.
अंगठा त्या पितळेवरून फिरत होता,
स्क्रूच्या डोक्यावर थांबत, पुन्हा फिरत.
"मोठी तू घे," म्हणाला. "मी हिच्यातून येतो.
पुढच्या गावापर्यंत."

दांडा आत पलंगावर टाकलाय,
चादरीला ग्रीस लागलंय, ते निघायचं नाही.
मी हळू चालवते.
आरशात पिवळा ठिपका, त्यात एक डोकं,
आणि प्रत्येक वळणावर
ब्रेक जरा उशिराच.