पहिली फेरी

तिकडं शनिवारची रात्र.
इकडं गंगावेशीत म्हशी पिळून झाल्या,
आणि दिलावरच्या मोबाइल दुकानाचं
शटर अर्धं वर.

पाचजणांनी शंभर-शंभर काढले.
सुबरावमामांचे घेतले नाहीत.
त्यांचं नाक दोनदा मोडलंय,
तेवढी वर्गणी बास.

पूर्वी डिशवर एकच लढत विकत मिळायची.
संपली की पडदा काळा, हिशेब मिटला.
आता महिनाच्या महिना घ्यायचा,
नको त्या मालिका, नको ते स्वयंपाक,
त्यात कुठंतरी एक ठोसा.

घंटा झाली
आणि चाक फिरायला लागलं.
दिलावरनं राऊटर उचलून खिडकीत धरला
हात भरून येईस्तोवर.
चित्र आलं तेव्हा एकजण खाली,
पंच आठ म्हणत होता.

'सेकंदाला किती पडलं रे?'
बाळासो बोटं मोजायला लागला.
मामा गप्प.
हनुवटी छातीशी,
उजवी मूठ गालाला,
डाव्या हातात चहा निवत चाललेला.

पुढच्या महिन्यात पैसे आपोआप कापले गेले.
त्याच्या पुढच्याही.
बंद कसं करायचं ते दिलावरला येतं.
तो करत नाही.

दर रविवारी मामा येतात,
शटरखालून वाकून,
दोरांमधून आत शिरावं तसे.