उजवीकडून वाच

हल शहरात, चिप्सच्या दुकानावरची माझी खोली.
रात्रीचे अकरा. जिन्यातून व्हिनेगरचा वास वर येतोय
आणि बिल्ड अजून चालूच.

शेवटी स्क्रीनवर एक फाइल उतरते:
भरती-ओहोटी-२.४-७.नोआर्च
पोटात काय आहे ते उघडून बघायला नको,
दारावरच्या पाटीत सगळं आलं.

हे डेझमंडनं शिकवलं.
गोदीच्या कचेरीत एकतीस वर्षं, कोपराला ठिगळ लावलेला एकच स्वेटर.
"नाव उजवीकडून वाच," म्हणायचा,
"डावीकडून निघालीस तर फसशील.
नावातच आडवी रेघ असू शकते, या आपल्या भरती-ओहोटीत आहेच.
मागून ये. आधी यंत्र कुठलं,
मग कितवी बांधणी, मग आवृत्ती.
उरेल ते नाव."

तेव्हा मी नवी होते. पगारपत्रकाच्या खणांत मावत नव्हते.
वैजयंता तुकाराम नलावडे.
मग तांदळाच्या ताटात अंगठीनं कोणी शलाका लिहिलं,
मधला खणही बदलला, शेवटचाही.
आवृत्ती नवी, म्हणून बांधणी पुन्हा एकपासून.
पुढं कोर्टाचा कागद आला.
"मधलं नाव म्हणजे नक्की कोण?" कचेरीतल्या पोरीनं विचारलं,
पेन हवेत धरून.
मी म्हटलं, रिकामं ठेव.

ईपॉकचं त्यानं निवृत्तीच्या आठवड्यात सांगितलं,
तेही मी विचारलं म्हणून.
सुरुवातीला त्यानं आवृत्तीच्या जागी सालच टाकलेलं: ९८.
नंतर शहाणपण सुचलं, एकपासून मोजू लागला,
तर यंत्र ढिम्म.
त्याच्या हिशेबी दोन म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या कितीतरी मागं.
नवं पुढ्यात ठेवलं तरी जुन्यालाच धरून बसायचं.
मग सगळ्यांच्या आधी एक आकडा लावावा लागतो.
फाइलच्या नावात तो दिसत नाही,
पण तो असला की मागचे आकडे
कितीही मोठे असोत, गप बसतात.

"एकदा लावलास की काढता येत नाही," तो म्हणाला,
खिडकीतून हंबरच्या गढूळ पाण्याकडे बघत.
"एका चुकीपायी जन्मभर वागवायचा."
तो बायकोविषयी बोलत नव्हता.
मीही काही बोलत नव्हते.

डेझमंड आता स्कार्बरोला, बहिणीकडे. ख्रिसमसला कार्ड येतं,
पाकिटावर माझं नाव बरोबर लिहिलेलं,
वैजयंतातला य तेवढा गायब.

आणि नोआर्च? म्हणजे अमुकच यंत्र हवं असा हट्ट नाही,
टाकाल तिथं चालेल.
बस स्टॉपवर परवा एका म्हातारीनं विचारलं,
बाळ, तू मूळची कुठली?
मी गावाचं नाव सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही,
मग आम्ही दोघी बसची वाट बघत राहिलो.

सही झाली. फाइल रेपोमध्ये जाऊन बसली,
सहाव्या बांधणीच्या शेजारी, पाचवीच्या, चौथीच्या.
सकाळी भरती सहा चाळीसला.
बदलांच्या नोंदीत काय लिहू?
मूळ कोडमधली एक ओळही हलवलेली नाही,
फक्त खालची लायब्ररी बदलली होती.

खाली शटर ओढल्याचा आवाज.
लिहिते: बदल काही नाही. पुन्हा बांधलं.
आणि पुढं तारीख. आणि पुढं नाव,
दोनच खण.